मधला खांब

जळगाव,
२७ जानेवारी २०२६

ती. शेवंताअक्कांना,
प्रमिलाचा वाकून नमस्कार.

धुळ्याला लेकाकडे, अभिमनकडे कायमचं राहायला जाताना तुम्ही माझ्या हातात कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा ठेवलात आणि म्हणालात, फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, तेव्हा लिहीत जा. म्हणून लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता कसं आहे? जिना चढता येतो का?

परवा रथसप्तमीला मंडळाचं हळदीकुंकू झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नव्हतात. मला आपलं सारखं चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. पण रुचीनं छान निभावलं हं. नवी अध्यक्ष, त्यातून कापडवाल्या जैनांची सून, हिला आपली गाणी काय येणार म्हणून बायका आधी नाकं मुरडत होत्या. तिला आपल्यापेक्षा चार जास्त येतात. वाण म्हणून स्टीलचे झारे दिले.

हॉलचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. कॉलनीत नव्यानं आलेल्या बायका विचारत होत्या, एवढा मोठा हॉल आणि मधे एकही खांब कसा नाही? मी ऐटीत सांगितलं, नकाशात होता, आमच्या अक्कांनी काढायला लावला. मधे खांब ठेवला तर फुगडीचं रिंगण धरायचं कुठं, असं म्हणाल्या. गुलाबाईला पन्नास जणी एका रिंगणात फिरतात, असं जळगावात दुसऱ्या कुठल्या मंडळाकडे आहे का?

आणखी एक बातमी. गच्चीची किल्ली मी रुचीला देऊन टाकली. तुम्ही ती कमरेला लावून फिरायचात, चार-पाच जणींच्या वर कुणाला वर सोडायचा नाहीत, माकडं येतात म्हणायचात. आता गच्ची सगळ्यांना मोकळी. रुचीनं वर दोन हजार लिटरची पाण्याची टाकीसुद्धा बसवली, म्हणजे उन्हाळ्यात वाळवणाला खालून बादल्या न्यायला नकोत. रस्त्यावरून दिसू नये म्हणून बरोबर मधोमध ठेवली आहे. डोकं आहे हो पोरीला.

हळदीकुंकवाच्या वेळी छताचा तळहाताएवढा गिलावा पडला, तोही नेमका तिळगुळाच्या ताटात. कुणाला लागलं नाही. हसून हसून मुरकुंडी वळली आमची.

तुमची,
प्रमिला


धुळे, देवपूर,
४ फेब्रुवारी २०२६

चि. प्रमिलास आशीर्वाद.

माझ्या गुडघ्याचं सोड. गिलावा पडला म्हणतेस तो नेमका कुठून? भिंतीजवळून की मधल्या तुळईखालून? एवढं मोठं पत्र लिहिलंस, झारे स्टीलचे हे सांगितलंस, आणि हे नाही लिहिलंस. मंडळाचं इतिवृत्तही तू असंच लिहायचीस.

टाकी आधी रिकामी करा आणि खाली उतरवा. गच्चीला कुलूप लावा आणि किल्ली रुचीकडून परत घे. मागायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांग. माकडं अजूनही येतात. इथून पुढचे कार्यक्रम अंगणात लिंबाखाली करा, आता थंडी सरली, बाहेर हवा छान असते.

कारण विचारत बसू नकोस. मी सांगते म्हणून कर.

शेवंताअक्का


जळगाव,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. चुकलंच माझं. रुचीचा चेहरा एवढासा झाला. बाकीच्या गप्प बसतात का? अक्का धुळ्याला गेल्या तरी खुर्ची सोबत घेऊन गेल्या, असं कुणीतरी म्हणालं. कोण ते मी लिहीत नाही, तुम्ही तिच्याशी जन्मभर बोलणार नाही. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवले नाही.

अंगणातला लिंब आता नाही अक्का. गटारीच्या कामाला आड येत होता म्हणून मागच्या आठवड्यात तोडला. त्यामुळे भरिताची पंगतही हॉलमध्येच झाली. असोद्याहून वांगी आणली होती, कपाशीच्या काड्यांवर भाजली, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. एकशेदहा पानं उठली.

गिलावा मधल्या तुळईखालूनच पडला होता. रुचीनं लगेच रंगवून घेतलं, आता कळतसुद्धा नाही. भिकुबाईचं मात्र काहीतरी निघालंय. ती रोज सकाळी हॉल झाडते ना, तर म्हणते की रोज त्याच जागी बारीक रेतीची रेघ पडलेली असते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुणी रांगोळीची रेघ ओढावी तशी. चार दिवसांपूर्वी झाडू टाकून बाहेर आली आणि म्हणाली, मी काही आता आत जात नाही, जागा चांगली नाही. मी म्हटलं अगं चिमण्या असतील. ऐकत नाही. तिचं बघून आणखी सात-आठ जणी हॉलमध्ये यायला कां-कूं करायला लागल्या आहेत.

तुम्ही रागवू नका. पण थोडं रुचीच्या कलानं घ्या.

प्रमिला


धुळे,
३ मार्च २०२६

चि. प्रमिलास आशीर्वाद.

भिकुबाई बरोबर सांगते. ती कुणापेक्षाही शहाणी आहे.

मी इथे एका जाणत्या गृहस्थांना हॉलचा नकाशा दाखवला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की वास्तूत दोष आहे आणि तिथे बायकांनी जमणं बरं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, यावरून समज. रुचीला सांग, सगळ्यांना सांग. बायका माझं ऐकत नसतील तर निदान याचं तरी ऐकतील.

टाकी उतरवली का?

शेवंताअक्का


जळगाव,
३० मार्च २०२६

ती. अक्कांना,
प्रमिलाचा नमस्कार.

तुमच्या पत्रानं आमचं फार मोठं काम केलं. मी बैठकीत सांगितल्यावर रुचीच म्हणाली, अक्कांना एवढी काळजी आहे तर आपण वास्तुशांत करून घेऊ. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी केली. भटजी धरणगावहून आणले होते. होम झाला, सवाष्णी जेवल्या, चारी कोपऱ्यांत नारळ फोडले. आणि काय सांगू, जादू झाल्यासारखं झालं. त्या सात-आठ जणी पहिल्यासारख्या यायला लागल्या. भिकुबाईनं झाडू हातात घेतला. रेतीची रेघ अजून पडते, पण आता ती नमस्कार करून झाडून टाकते. आता कुणाच्या मनात काही राहिलं नाही. ही तुमचीच कृपा.

सध्या वाळवणाची नुसती धांदल आहे. ऊन असं की दहा वाजता गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून आम्ही सहालाच वर जातो. चाळीस-पंचेचाळीस जणी एका वेळी. अहो, पूर्वी तुम्ही चार जणींना सोडायचात तेव्हा वाळवणाला दोन महिने लागायचे, आता पंधरा दिवसांत गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, शेवया, सगळं उरकत आलं. चिकाची मोठी पातेली वरच चुलीवर शिजवतो.

एक गंमत. पूर्वी गच्ची धुतली की पाणी पन्हळीकडे वाहून जायचं ना, आता ते मधेच टाकीपाशी साचतं. मोठ्या ताटाएवढं डबकं होतं. या उन्हात पाखरांची सोय झाली म्हणून आम्ही ते पुसत नाही. चिमण्या, साळुंक्या, रोज आंघोळी करतात.

आणि आता मोठी बातमी. यंदा अक्षय्य तृतीयेची अखाजी आपण हॉलमध्येच करणार. लिंब गेला, झोके बांधायला झाड नाही, म्हणून मी रडवेली झाले होते. रुची म्हणाली, झाड नाही तर तुळई आहे ना. वेल्डिंगवाल्याला बोलावून मधल्या तुळईला भोकं पाडून लोखंडी कड्या बसवून घेतल्या. पाच झोके. एकोणीस एप्रिलला, रविवारी सकाळी नऊला. कॉलनीतल्या सगळ्या माहेरवाशिणी येणार आहेत, माझी सरिताही सुरतेहून येते आहे. खाली झोके, वर गच्चीवर गौराई बसवायची आणि तिथेच फुगड्या. तुम्ही या ना अक्का. अभिमनला म्हणा, गाडीनं सोड.

तुमची,
प्रमिला


धुळे,
१० एप्रिल २०२६

प्रमिले,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, बस. आणि वाचून झालं की लगेच रुचीकडे जा. सोबत एक जुना कागद ठेवते आहे, तोही तिला दाखव.

तुझं पत्र आल्याला आठ दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि रोज उठले. आज लिहिते.

वास्तुदोष मी रचून सांगितला होता. कुणी जाणता गृहस्थ नाही, कुणाला नकाशा दाखवला नाही. तुम्ही घाबरून हॉल सोडाल असं मला वाटलं. तुम्ही होम करून निर्धास्त झालात. भिकुबाईला भीती वाटत होती तेवढीच एक गोष्ट तुम्हाला वाचवत होती, तीही मी घालवली.

आता खरं सांगते. हॉल बांधायच्या वेळी चुन्यानं जमिनीवर नकाशा आखला होता, आठवतं? आपण गुलाबाईचं रिंगण धरून पाहिलं आणि मधला खांब बरोबर रिंगणात आला. तुम्ही सगळ्या हिरमुसल्या झालात. मी इंजिनिअरना म्हटलं, खांब काढा. ते म्हणाले, काढतो, पण मग तुळई दुप्पट जाड घ्यावी लागेल, पाया पुन्हा काढावा लागेल, चार महिने वाढतील. आणि मी तर गुलाबाईच्या दिवशी उद्घाटन म्हणून पत्रिका वाटून बसले होते. मी अडून बसले. त्यांनी काम सोडलं. जाताना मला एक पत्र दिलं. या छतानं फक्त स्वतःचं वजन पेलायचं, वर जिना काढू नये, गच्चीवर माणसं चढवू नयेत, पाण्याची टाकी तर कधीच नको, असं त्यात लिहिलं आहे. खाली त्यांची सही आहे. हाच तो कागद.

मी तो कुणाला दाखवला नाही. पेटीत तळाशी ठेवला. भटू मिस्त्रीनं उरलेलं काम केलं, पण तोही शेवटच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, वर काहीच ठेवानं नही. हाई तुळई फक्त तुमना शब्दवर उभी शे." मी त्याला उडवून लावलं. पुढे तुम्हा सगळ्यांना वाळवणाला गच्ची हवी झाली, हट्ट धरलात, आणि मला नाही म्हणायला कारण सांगता येईना, म्हणून जिनाही काढू दिला. तेव्हापासून किल्ली कमरेला लावली. तुम्ही मला किल्लीवाली अक्का म्हणून हसायचात. मी हसू दिलं. चार जणी वर गेल्या की मी खाली उभी राहून छताकडे बघत असे. इंजिनिअरही वारले, भटूही गेला. आता हे जाणणारी मी एकटी.

आणि धुळ्याला येताना ती किल्ली मी तुझ्या हातात ठेवली आणि एक शब्द बोलले नाही. प्रमिले, यापेक्षा मोठं पाप मी केलेलं नाही.

का बोलले नाही? लाज वाटली. बावीस वर्षांत अक्कांचं एक काम चुकलं असं कुणी म्हणालं नव्हतं. दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे. त्या बाया मला खुर्ची सुटत नाही म्हणाल्या, ते वाचून मला राग आला आणि त्या रागातही आणखी महिना घालवला.

गच्चीवर पाणी मधे साचतं याचा अर्थ छत वाकलं आहे. रेतीची रेघ पडते ती तुळई फाटते आहे म्हणून. आता त्याच तुळईला तुम्ही भोकं पाडलीत आणि झोके बांधता आहात. झोका नुसता लोंबत नाही, तो ओढतो. वर टाकी, वर फुगड्या. हॉलला आजच्या आज कुलूप लावा. टाकी रिकामी करायलाही कुणाला वर पाठवू नका, खालून नळ सोडून द्या. अखाजी एखाद्या शाळेच्या पटांगणात करा, नाहीतर यंदा करूच नका.

रुचीला मी आत्ता फोन लावला होता. तिनं उचलला नाही. खरं सांगते, उचलला नाही म्हणून मला बरंच वाटलं. हे तोंडानं माझ्याच्यानं बोलवलं नसतं. तू वाच आणि तू सांग.

मला माफ करू नकोस, पण सरिताला त्या हॉलमध्ये पाऊल ठेवू देऊ नकोस.

शेवंता


धुळे,
१५ एप्रिल २०२६

चि. प्रमिलास,

मागचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं होतं, हे साध्या टपालानं टाकते, आता घाई नाही. सोमवारी पत्र पोचल्याचा मेसेज अभिमनच्या मोबाइलवर आला. त्यानं मला दाखवला, खाली तुझं नाव होतं, तूच सही केलीस म्हणून. मी खुर्चीत बसून खूप रडले. पोराला वाटलं गुडघा दुखतो.

तू उत्तर दिलं नाहीस. रागावली आहेस. रागाव. सगळ्यांना सांगितलं असशील, बाया मला काय काय म्हणत असतील तेही कळतं. म्हणू देत. पाटीवरचं नाव खरवडून टाका. वर कुणी चढत नाही आणि आत कुणी जात नाही एवढं कळलं की मला बाकी काही नको. तीन महिन्यांत काल पहिल्यांदा भूक लागली. सुनेनं शेवभाजी केली होती, दोन भाकरी खाल्ल्या.

अखाजीनंतर अभिमन मला आणून सोडणार आहे. सगळ्यांसमोर उभी राहीन आणि जे लिहिलं तेच तोंडानं बोलेन. तू शेजारी उभी राहा म्हणणार नाही, पण राहिलीस तर बरं वाटेल.

शेवंताअक्का


जळगाव,
१८ एप्रिल २०२६

ती. अक्कांना,
प्रमिलाचा नमस्कार.

तुमचं जाड पाकीट सोमवारी मिळालं, सही मीच केली. खोटं कशाला बोलू, अजून उघडलेलं नाही. कात्री हातात घेतली होती, तेवढ्यात सरिता आली. तिनं पाकीट काढून घेतलं आणि म्हणाली, आई, या बाईंचं पत्र आलं की तू दोन दिवस जेवत नाहीस, त्यांना जे काही म्हणायचंय ते अखाजी झाल्यावर म्हणू देत. मला पटलं. एवढं जाड म्हणजे नक्कीच मोठी कानउघाडणी असणार. तुम्ही मला ओळखता, मी वाचलं असतं तर रडत बसले असते आणि इथली सगळी कामं तशीच राहिली असती.

आज हॉल बघायला तुम्ही हव्या होतात. झोक्यांच्या दोऱ्यांना झेंडू गुंडाळलाय. वेल्डिंगवाला आणि त्याचा भाऊ दोघं एकेका कडीला लोंबकळले, काही हललं नाही. वरून थोडी रेती तेवढी आली, ती भिकुबाईनं लगेच झाडून घेतली. सांजोऱ्या झाल्या, खापरावरच्या पुरणपोळ्यांना आठ जणी पहाटेच येणार, रसाचे आंबे आले. नावं एकशे चाळीस झाली आहेत. टाकी आज काठोकाठ भरून ठेवली, ऐनवेळी पाणी कमी पडायला नको.

एक कबूल करायचंय. दुपारच्या बैठकीत रुचीनं सगळ्यांसमोर मला विचारलं, अक्कांचं काही आलं का? बिचारीला मनातून वाटत होतं की तुम्ही अजून तिच्यावर नाराज आहात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता काय सांगणार होते मी, पत्र आलंय पण भीतीनं उघडलं नाही म्हणून? मी म्हटलं, "आलं ना. हॉलमध्येच करा, खूप झोके घ्या, माझा आशीर्वाद आहे, असं लिहिलंय अक्कांनी." तुमच्या तोंडी माझे शब्द घातले, एवढी माफी असावी. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पाच-सहा जणी उन्हाचं निमित्त सांगून येत नव्हत्या, त्याही म्हणाल्या, अक्कांनी म्हटलंय म्हणजे आलंच पाहिजे.

पहिला झोका दर वर्षी तुमचा मान असायचा. यंदा तो तुमच्या नावानं सरिता घेणार आहे, मधल्या कडीवरचा.

तुमचं पाकीट कपाटात साड्यांखाली जपून ठेवलंय. सोमवारी निवांत बसून उघडते आणि जे लिहिलं असेल ते मुकाट्यानं ऐकून घेते.

तुमचीच,
प्रमिला